मधाची वाटी

श्रीरंगने बाटली माझ्यासमोर ठेवली. त्याच्या नव्या कंपनीची पहिली रम. लेबलवर छापलं होतं, ‘आईच्या देवघरातला कारवीचा मध मुरवलेली.’

मी उठून देवघरात पाहिलं. कोनाड्यातली मधाची बरणी रिकामी होती.

“चव ठरवायला थोडा घेतला, मग सगळाच लागला,” तो मागून म्हणाला. “तुझाच मान केलाय की आई. नाव बघ ना.”

कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. मागच्या फुलोऱ्याचा मध ह्यांनी काढला आणि त्याच वर्षी ते गेले. मी तो चाखलासुद्धा नव्हता. सोळा सोमवारांच्या उद्यापनाला ठेवला होता, आणि उद्यापन उद्यावर आलं होतं.

“दारू केली म्हणून चिडलीस ना?”

“नाही रे. आपल्या वाडीच्या राखणदार देवाला दर वर्षी बाटली मीच पोचवते. पण ती कुणाच्या देवापुढून उचललेली नसते.”

“अगं, दुसरा मध आणतो बाजारातून. देवाला काय कळतंय?”

हातातली जपमाळ मी खाली ठेवली. इतक्या रागात ती धरवेना.

“काही आणू नकोस,” मी म्हणाले. आवाज चढवायची मला सवय नाही. “मधाची वाटी रिकामीच राहील. उद्या अभिषेकाला माझ्याऐवजी तू बस. गुरुजींनी मधुस्नान म्हटलं की बाबांचा मध कुठे गेला, ते देवाला तुझ्या तोंडाने सांग. मी मागे बसून ऐकते.”