वॉकरची उंची

शिलाने खटका दाबून वॉकरचा एकेक पाय दोन भोकं आखूड केला. चारही पाय, आणि मुद्दाम.

"धरा, काका," ती म्हणाली. विश्वंभर मालक दांडीवर वाकला आणि फरशीकडे बघत चालू लागला. खुबा मोडून तो वसमतच्या या दवाखान्यात चालायला शिकायला आला होता आणि पडला नेमका खेमाच्या लेकीच्या, शिलाच्या हातात. तिला ओळखलंही नाही त्याने. कशाला ओळखेल? शिलाच्या वस्तीतल्या माणसांनी त्याच्या दारावरून चपला हातात घेऊन, कमरेत वाकून जायचं, असा गावचा रिवाज होता. तरणा खेमा एकदा चपला घालून ताठ गेला. मालकाची काठी कमरेत बसली ती कायमची. शिलाने बापाला सरळ उभं कधी पाहिलंच नव्हतं.

फिजिओथेरपीच्या कॉलेजात तिला शिकवलं होतं, चार पायांवरून दोन पायांवर यायला माणसाला लाखो वर्षं लागली. कमरेची हाडं वाडग्यासारखी झाली, मणक्याला बाक आला, डोकं मानेवर तोललं गेलं, नजर जमिनीवरून उठून समोर गेली. वर्ग लिहून घेत होता. शिलाच्या डोक्यात एकच, परत खाली आणायला एक काठी पुरते. वाकून चालायची सवय लागली की कंबर तिथेच धरते. मग धरू दे ना! मरेपर्यंत माती बघत फिरू दे मेल्याला.

दुपारी खेमा लेकीचा डबा घेऊन आला आणि दारातच थबकला. समोरून म्हातारा वाकून येत होता. दोघांना एकमेकांचे पाय तेवढे दिसत होते. शिलाने म्हाताऱ्याला खुर्चीत टेकवलं आणि बापाच्या कानाशी लागली, बघा बाबा, वाकवलं मालकाला.

खेमा वॉकरपाशी उकिडवा बसला. खटके दाबून एकेक पाय पुन्हा लांब करू लागला. शिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं सोसूनही याला दया यावी?

"काहून, बाबा?"

"वाकल्या माणसाला नुसते पाय दिसतात, पोरी. त्याला माझं तोंड दिसलं पायजे."

शिलाने म्हाताऱ्याला उठवलं. तो वॉकर धरून ताठ उभा राहिला. खेमाने भिंतीची दांडी धरली आणि जमेल तेवढी मान वर केली. म्हाताऱ्याने ओळखलं. तोंडाचं पाणी पळालं त्याच्या, आणि ताठ कमरेवरची मान आपसूक खाली जाऊ लागली.

"वर बगा, विश्वंभरराव," खेमा म्हणाला. "मी आता रोज येनार."