बाबांचा उजवा कान

कानांची डॉक्टर आज स्वतःच्याच वडिलांना तपासत होती. गेल्या वर्षीच्या तापात ते ठार बहिरे झाले होते. निरोगी कानाच्या आतला शंखासारखा भाग आवाज ऐकला की स्वतःही अगदी बारीक आवाज परत देतो. तो आवाज बाबांच्या कानात उरलाय का, हे बघायला तिने त्यांच्या उजव्या कानात बारीक माइक बसवला आणि स्वतः हेडफोन लावला.

"आत कुणी भाडेकरू सापडला तर सांग हं," बाबा हसत म्हणाले.

हेडफोनमध्ये तिचाच आवाज आला. "बाबा, दुखतंय का?"

तिने तर ओठही हलवले नव्हते. यंत्र बिघडलं असेल म्हणून तिने वायर जरा ओढली. बाबा कळवळले, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, दुखतंय का?"

हेच शब्द तिने मघाशी, बोलण्याआधीच, त्यांच्या कानातून ऐकले होते. आवाजबंद खोलीत दोघांशिवाय कुणी नव्हतं. तिने श्वास रोखून ऐकलं. पुन्हा तिचाच आवाज, पण आता रडवेला. "बाबा, तिकडे बघू नका! माझ्याकडे बघा!"

काही झालं तरी हे बोलायचं नाही, असं तिने ठरवलं.

तेवढ्यात बाबांचं हसू मावळलं. त्यांची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली आणि हळूहळू वर वर चढू लागली.