पिंडापुढची पुडी

हिंदुरावानं खिशातली तंबाखूची पुडी काढली आणि सरळ धाकट्या भावाच्या पिंडापुढं ठेवली.

"घे बाबा अभिमन्यू. चोरून खात हुतास, आता उघड घे."

दहावा होता. सीना नदीच्या काठावर ऊन चढलं तरी कावळा शिवत नव्हता. जिलेबी ठेवून झाली, भजी झाली, "लेकराबाळांना संभाळू" असं तिघाचौघांनी सांगून झालं. कावळे बाभळीवर बसून नुसते बघत होते. मग सगळ्यांनाच एकदम अक्कल आली. घशाचा कॅन्सर म्हणजे तंबाखूच, दुसरं काय! जन्मात सुपारीचं खांड तोंडात न घातलेला माणूस. पण मेलेल्याला कोण विचारतो?

बायकांत बसलेली श्रीदेवी उठली. नवऱ्यापुढची ती पुडी तिनं उचलली आणि पाण्यात भिरकावली.

"अगं ए! त्याच्या जिवासाठीच ठिवली हुती की!"

"त्यांनी तंबाखूला कधी हात लावला न्हाय, भावजी. डाक्टर तुमच्याम्होरं म्हणले, ह्यो कॅन्सर विषाणूचा हाय."

"विषाणू?" मागून कुणीतरी फिसकन हसलं. "आन् त्यो कुणाकडनं आणला?"

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. एकतर नवरा चोरून खाणारा, नाहीतर बायको वाईट चालीची. तिसरं काही या डोक्यांत शिरतच नाही. म्हणून तर ती इतके दिवस तोंड दाबून बसली होती. आज तिच्या अंगाची आग आग झाली.

"संसार करणाऱ्या कुणालाबी लागतो त्यो विषाणू! लई जणांचा आपसूक जातो, ह्यांचा ऱ्हायला. त्यात कुणाची चाल काढता? आन् इच्छाच इचारता ना? आवाज गेल्यावर खुणेनं सांगत हुते, लेकीला, संस्कृतीला, लस द्या. वेळेवर घेतली तर असलं दुखणं टळतं, पोरींचं बी आन् पोरांचं बी. तवा तुमी काय म्हणला, भावजी? असली सुई टोचली तर पोरीला सोयरीक कोण आणंल!"

तिनं पिंडाकडं बोट दाखवलं.

"जोडा की हात. म्हणा, पोरीला लस देतो."

सवयीनं हिंदुरावाचा हात खिशात गेला. खिसा रिकामा होता.

श्रीदेवीनं वाट बघितली. मग बारा वर्षांच्या लेकीचा हात धरला आणि काठ चढायला लागली.

"अगं कुटं निघालीस?"

"दवाखान्यात."

"कावळा शिवल्याबिगार हलायचं न्हाय!"

ती वळली.

"मग बसा की. त्यांची इच्छा मी घेऊन चालले. कावळा तुमच्याकडं कशाला येतोय?"