पोलादाचा ताप
कुकरची शिट्टी झाली तशी ओट्याला टेकून पेंगणारी रेणुका दचकली. कानातल्या यंत्रात जळत्या गोदामाचे पोलादी खांब आपला ताप सांगतच होते. पाचशे चाळीस अंश. साडेपाचशेला पोलादाची जवळजवळ निम्मी ताकद जाते. त्याआधी आतल्या अग्निशमन दलाच्या जवानांना माघारी बोलवायचं, हे तिचं घरबसल्याचं काम.

"ताई, रखवालदाराचा आवाज येतोय. दोनच मिनिटं द्या," आतून गायतोंडे म्हणाला.

खांब म्हणाले, पाचशे अठ्ठेचाळीस.

"नाही, भाऊ. सगळे बाहेर या."

"अहो, हाकेवर आहे तो!"

"आत शिरताना मला 'येतो' म्हणालात ना? मग या."

ते आले. थोड्या वेळानं आतल्या हाका थांबल्या. संध्याकाळी आग विझली, तरी छप्पर काही कोसळलं नाही.

रेणुका शाल्मलीला वरणभात भरवत होती. पोरीची नजर पडद्यावरच्या काळ्या पडलेल्या गोदामावर होती.

"आई, खांब तर उभेच आहेत. मग गायतोंडेकाकांना परत का बोलावलंस?"