पन्नासचा गट

"एक पनीर बर्गर, एक फ्राइज. रविवार, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं." देवेंद्रने बिलाचा कागद कुस्तीचे कोच प्रेमानंद सरांच्या डोळ्यांपुढे धरला. "तुमची पहिलवान हे खाऊन राहिली, सर. आता बोला."

सरांनी कागदाकडे पाहिलं नाही. ते काट्याकडे पाहत होते. काट्यावर देवेंद्रची मुलगी उर्वी उभी होती आणि आकडा पन्नास किलो चारशे ग्रॅमवर थांबला होता.

दुर्गच्या त्या हॉलमध्ये मुलींच्या कुस्तीची राज्य संघासाठी निवड होती. पन्नास किलोच्या गटाचं वजन नऊपर्यंत द्यायचं. तोवर कितीही वेळा काट्यावर चढा. नऊ वाजले की नाव कटलं. घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं झाली होती.

देवेंद्र पोलाद कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क होता. बावीस वर्षं ट्रक तोलून त्याचा माणसांपेक्षा आकड्यांवर जास्त भरवसा बसला होता. हुडको वसाहतीतल्या घरात दोन महिन्यांपासून उर्वीची पोळीसुद्धा तोलून वाढली जायची. गुरुवारी ती जिन्यात चक्कर येऊन बसली तेव्हा त्याची बायको सरला साखर घातलेलं दूध घेऊन धावली. "राहू दे," तो म्हणाला होता, "दोनशे ग्रॅम चढन."

पन्नासच्या गटात यंदा तगडी पोरगी नव्हती. संघात नाव लागलं की खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीचा रस्ता मोकळा. उर्वीचंही हेच स्वप्न आहे, असं तो सगळ्यांना सांगायचा.

आज पहाटे निघताना तिच्या किटबॅगेत हे बिल सापडलं होतं.

"तो बर्गर मीच लिहून दिला तिले," सर शांतपणे म्हणाले. "रविवारी दहा किलोमीटर पळते, मग एक बर्गर. बाकी सहा दिवस डाळ, अंडी, भाजी, भात. तीन महिन्यांत दम किती वाढला ते मॅटवर येऊन पाहा. बर्गरनं काही बिघडलं नाही, देवेंद्रभाऊ. पोरगी त्रेपन्नची आहे. तुम्ही तिले पन्नासमध्ये कोंबून राहिले."

"त्रेपन्नमध्ये ती जुनवानी गावची पोरगी आहे. दोनदा हरली आपली तिच्याशी."

"तिसऱ्यांदा लढू द्या."

"अन् हा कचरा खाऊ द्या? आम्ही काय बर्गर खाऊन मोठे झालो?"

"नाही, समोसे खाऊन," मागून सरला म्हणाली. "रोज दोन. वरून जलेबी."

रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या. देवेंद्र हसला नाही. त्याने बिलाचा बोळा करून फेकला आणि बॅगेतून जाड प्लास्टिकचं जॅकेट काढलं. "चाल, पळ."

उर्वी हॉलमागच्या मैदानात पळू लागली. देवेंद्र कडेला मोबाइलवर वेळ लावून उभा राहिला. प्रत्येक फेरीला तो ओरडायचा, "हात हलव! थांबू नको!" उर्वीच्या तोंडात च्युइंगम, हातात कागदी पेला. थुंकी गिळायची नाही, पेल्यात थुंकायची, तेवढेही ग्रॅम कमी होतात. हे त्यानेच कुठेतरी वाचलं होतं.

साडेआठला सरावाच्या काट्यावर पन्नास किलो एकशे साठ.

"पप्पा, पैर काँप रहे हैं."

"कापू दे. वीस मिनिटं अजून."

सर काही बोलायला गेले. देवेंद्रने हात वर करून त्यांना थांबवलं. सरला झाडाखाली उभी होती. तिने फक्त विचारलं, "किती राहिलं?"

आठ सत्तेचाळीसला सरावाच्या काट्यावर बरोब्बर पन्नास आलं. पुढे तीन शून्यं. देवेंद्रने आकड्याचा फोटो काढला.

"जमलं, बेटा! घाम पूस, कपडे बदलव, अन् सरळ मोठ्या काट्यावर."

उर्वीचे ओठ पांढरे पडले होते. ती मान हलवून मुलींच्या खोलीत गेली. तिथे पुरुषांना मनाई होती, म्हणून सरला तिच्यासोबत आत गेली.

देवेंद्र दाराबाहेर उभा राहिला. दोन मिनिटं गेली. चार गेली. त्याने दार ठोठावलं. "सरला! नऊ वाजून राहिले!"

"येऊन राहिलो," आतून आवाज आला.

आठ छप्पन्नला उर्वी बाहेर आली. चेहऱ्यावर थोडा रंग परतला होता. ती कुणाकडे न पाहता मोठ्या काट्यावर चढली.

पन्नास किलो चारशे ऐंशी.

"काटा खराब आहे!" देवेंद्र ओरडला. निवड समितीच्या बाईंनी वीस किलोचं प्रमाण वजन आणवून ठेवलं. वीस किलो, पुढे शून्य. उर्वी पुन्हा चढली. आकडा तोच.

नऊ वाजले. बाईंनी यादीतल्या नावावर आडवी रेघ मारली.

देवेंद्रने आयुष्यात असा हिशोब पाहिला नव्हता. बंद खोलीत, नऊ मिनिटांत जवळजवळ अर्धा किलो. त्याने किटबॅग हिसकावली आणि भर हॉलमध्ये उलटी केली. टॉवेल, बूट, कंगवा. "कुठे आहे? आतमध्ये बसून बर्गर खाल्ला न तुनं? सांग!"

उर्वी खाली वाकून एकेक वस्तू बॅगेत भरू लागली.

"बर्गर नाही खाल्ला तिनं," सरला म्हणाली. "पाणी पिली."

"तू पाजलं? सरला, तू?"

"मी घोटभर दिलं होतं. पोरगी पडून राहिली होती आत." सरलाने मुलीकडे पाहिलं. "घोट घेतला, अन् मग तिनं बाटली फिरवून लेबलवरचा आकडा वाचला. मले म्हणते, आधा लीटर काफी होगा ना, मम्मी?"