जंतूंची तोंडी परीक्षा

बाबा गणिताचे निवृत्त मास्तर. जगाच्या पोरांना त्यांनी गणितात तारलं, पण पोटच्या मुलीपुढे मात्र हात टेकले. "हिचा आणि गणिताचा छत्तीसचा आकडा," असं ते आल्यागेल्याला हसत सांगायचे. ती मुकाट जीवशास्त्राकडे वळली, पण ते हसणं काही मनातून गेलं नाही.

आता तिने प्रयोगशाळेत चक्क जंतूंनाच गणित शिकवलं होतं. आकडा रसायनांच्या थेंबांनी सांगायचा. मूळ संख्या असेल तर जंतू हिरवे चमकायचे, नसेल तर गप्प राहायचे. एके सकाळी ती हट्टाने बाबांना तिथे घेऊन आली.

"घ्या यांची तोंडी परीक्षा."

बाबांनी आधी सात दिला आणि मग, मिशीतल्या मिशीत हसत, नऊ. "नऊला भलेभले फसतात," ते म्हणाले.

उत्तराला अख्खा दिवस लागला. संध्याकाळी सातची नळी हिरवीगार उजळली. नऊची अंधारीच राहिली.

बाबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तिचा जीव टांगणीला लागला. इतक्या वर्षांनी का होईना, आज शाबासकी मिळणार असं तिला वाटलं.

"यांना घडवलं कोणी? तूच ना?"

"हो बाबा. माझीच लेकरं म्हणा ना."

बाबांनी समाधानाने मान डोलावली.

 

"तरीच. गणितात आजोबांवर गेलीत."