अडकलेलं चित्र

सासऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत कॅमेरा बसवल्यापासून माझा नवरा टॉड त्यांच्या गावाकडे, डुलुथला, फिरकलाच नव्हता. "रोज फोनवर दिसतातच की म्हातारबुवा, तिकडे बर्फात मरायला कोण जाणार?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

आज मात्र तो सकाळपासून कॅमेरा कंपनीच्या नावाने शंख करत होता. "भिकार माल विकतात मेले! चित्र अडकलंय. बाबा कधीचे त्याच खुर्चीत, तशीच मान टाकून." त्याने ॲप काढून पुन्हा टाकलं, पासवर्ड बदलला, फोन बंद करून चालू केला. चित्र तेच.

"अरे, त्यांनाच फोन करून विचार ना," मी म्हटलं.

"त्या म्हाताऱ्याला काय डोंबल कळतंय वायफायमधलं?"

मला त्याची शिसारी आली. मीच सासऱ्यांना फोन लावला. टॉडच्या फोनच्या पडद्यावर त्यांच्या शेजारच्या टेबलावरचा फोन उजळला. त्या आवाजाने त्यांचं मांजर धावत आलं आणि त्यांच्या पायांना अंग घासू लागलं. फोन वाजतच राहिला. सासरे हलले नाहीत.



"हां, सुटलं बघ एकदाचं!" टॉडने टाळी वाजवली. "कॅमेरा अगदी ठणठणीत आहे."